वाचकांचे प्रश्न : कॉफीला आणि जिरेपुडीला एकच लहान ग्राइंडर पुरेल का?

प्रश्न : आम्ही घरात दोघेच असतो आणि सकाळ-संध्याकाळ फिल्टर कॉफी घेतो. आजवर माटुंग्याहून चिकोरी (कॉफीत मिसळतात ते भाजलेले मूळ) घातलेली ताजी पूड आणत होतो. आता भाजलेल्या बिया आणून घरीच दळाव्यात असे वाटू लागले आहे. घरातला मिक्सर ७५० वॉटचा आहे, पण पहाटे सहाला तो लावला की सगळा मजला जागा होतो, शिवाय दोन कपांपुरत्या बिया त्यात नीट दळल्याही जात नाहीत. म्हणून एक लहान ग्राइंडर घ्यायचा आहे. त्यातच जिरेपूड, धनेपूड, वेलची, शेंगदाण्याचे कूट आणि कधीमधी वाटीभर ओली चटणी व्हावी अशी अपेक्षा आहे. लोहार चाळीतल्या दुकानदाराने ‘यात सगळे होते’ असे सांगून एक यंत्र दाखवले. ते घ्यावे का?
(एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : दुकानदाराचे वाक्य अर्धे खरे आहे. त्या यंत्रात सगळे बारीक होते, पण सारखे बारीक होत नाही. आणि जिरे-धन्यांना हा फरक फारसा जाणवत नसला, तरी कॉफीला तो चांगलाच जाणवतो. कॉफीचे कण बारीक असले की त्यांतला अर्क पाण्यात लवकर उतरतो आणि जास्त वेळ राहिल्यास कडवटपणाही उतरतो; कण जाड असले की अर्क अर्धवटच येतो आणि कॉफी पातळ, काहीशी आंबट लागते. एकाच पुडीत पीठ आणि रवा दोन्ही असले, तर एकाच कपात दोन्ही दोष येतात. आपल्या स्टीलच्या किंवा पितळी फिल्टरमध्ये तर हे डोळ्यांनाच दिसते. पूड पिठासारखी झाली, तर वरच्या भांड्याची छिद्रे बुजून डिकॉक्शन तासभर थेंब थेंब गळत राहते, आणि जाड राहिली, तर पाणी ओतल्याबरोबर झरझर खाली उतरते.

बाजारात लहान ग्राइंडर म्हणून जे मिळतात, त्यांचे मुख्यतः दोन प्रकार असतात. पहिला पात्याचा. यात लहान भांड्याच्या तळाशी दुपाती ब्लेड वेगाने फिरते आणि समोर येईल ते तोडत जाते. याची मोटार साधारण १५० ते २०० वॉटची असते, भांड्यात ६० ते ८० ग्रॅम बिया मावतात, आणि किती बारीक करायचे हे ठरवण्याचे साधन एकच असते, ते म्हणजे बटण किती वेळ दाबून धरायचे. दुसरा प्रकार ‘बर’ ग्राइंडरचा. याचे तत्त्व आपल्या जात्याचेच आहे. दोन दातेरी पृष्ठभागांमध्ये ठरावीक फट असते, बी त्या फटीतून जाण्याइतकी लहान झाली की खाली पडते आणि पुन्हा दळली जात नाही. फट कमीजास्त करता येत असल्यामुळे फिल्टरसाठी, फ्रेंच प्रेससाठी किंवा मोका पॉटसाठी हवी तशी पूड मिळते, आणि ती बरीचशी एकसारखी असते. हा प्रकार विजेवर चालणारा असतो, तसाच हाताने फिरवण्याचाही असतो.

एवढे वाचून आपण बर ग्राइंडरकडे वळण्यापूर्वी आपली यादी पुन्हा पाहावी. शेंगदाणे त्यात घालताच तेल सुटून दाते लिंपले जातील, वेलचीच्या सालीचे धागे फटीत अडकतील, आणि ओली चटणी तर त्यात करताच येत नाही. जिरे-धने एखादे वेळी निघतीलही, पण त्यानंतर सगळे यंत्र खोलून पुसल्याखेरीज कॉफीला जिऱ्याचा वास येणार. बर ग्राइंडर फक्त कॉफीसाठी ठेवायचा असेल तरच तो घ्यावा. एकाच यंत्राकडून आपल्या यादीतली सगळी कामे हवी असतील, तर पात्याच्या यंत्रावाचून पर्याय नाही, आणि मग कॉफीच्या बाबतीत थोडी तडजोड आलीच.

ही तडजोड आपल्याला कितपत जाचेल, हे आपण कॉफी कशी पिता त्यावर अवलंबून आहे. दूध-साखर आणि चिकोरी घातलेल्या फिल्टर कॉफीत दळणाचा असमानपणा बराच झाकला जातो, कारण चिकोरी दाटपणा आणि कडवटपणा स्वतःच पुरवते, तर दूध उरलेले कोपरे बोथट करते. बिनदुधाची कॉफी पिणाऱ्याला मात्र तो पहिल्या घोटातच कळतो. आपल्या पत्रावरून आपली कॉफी पहिल्या प्रकारची दिसते. त्यामुळे, तापट कॉफीशौकिनांचा रोष पत्करूनही, आमचा सल्ला पात्याच्या यंत्राचा आहे. मात्र त्याचे भांडे सुटे निघणारे असावे आणि सोबत दुसरे भांडेही मिळावे. एक भांडे कॉफीचे, दुसरे मसाल्याचे, आणि त्यांची कधीही अदलाबदल करायची नाही. दुकानदाराने दाखवलेल्या यंत्राचे भांडे मोटारीला जोडलेलेच असेल, तर ते घेऊ नये. असे भांडे नळाखाली धुता येत नाही, ओल्या फडक्याने पुसण्यावर भागवावे लागते, आणि लवंग-वेलचीचा वास त्यात घर करून राहतो. ओल्या चटणीचा तर प्रश्नच नाही, कारण पात्याच्या दांड्याशेजारून पाणी मोटारीत उतरते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानांत बिया मोठ्या दळणयंत्रावर दळल्या जातात आणि ती यंत्रे बर पद्धतीचीच असतात. तिथली पूड आपल्या घरगुती पात्याच्या पुडीपेक्षा एकसारखी असणार यात शंका नाही. घरी दळण्याचा फायदा एकच, पण तो खरा आहे. दळल्यावर बीचे पृष्ठफळ अनेक पटींनी वाढते आणि सुगंध झपाट्याने उडू लागतो, तो आपण कप भरण्याच्या वेळेपर्यंत राखू शकतो. दर आठवड्याला ताजी पूड आणणे आपल्याला जड जात नसेल, तर एका वेळी शंभर ग्रॅमच पूड घ्यावी आणि ग्राइंडर केवळ मसाल्यासाठी घ्यावा, हाही मार्ग तितकाच शहाणपणाचा आहे. बियाच आणायच्या असतील, तर चिकोरीची पूड वेगळी आणून पाहिजे त्या प्रमाणात मिसळावी. चिकोरीचे तुकडे घरच्या यंत्रात घालू नयेत, ते हवेतला ओलावा ओढून चिकट होतात. आपल्या देशातील नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. म्हणजे विकतच्या पाकिटात जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते, आणि घरी मिसळताना आपण ती वीस-तीस टक्क्यांवर आणू शकता.

नवे यंत्र घेण्याआधी मिक्सरच्या सगळ्यात लहान जारची एकदा परीक्षा घ्यावी. कोरडा मसाला दळू शकणारा मिक्सर ही गोष्ट आपल्याकडे मुंबईतच आकाराला आली. सीमेन्समध्ये काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा परदेशी ब्रॉन मिक्सर भारतीय स्वयंपाकाच्या दळण-वाटणापुढे जळाला, आणि त्यातून त्यांनी बनवलेला ‘सुमीत’ १९६३ साली बाजारात आला. त्यानंतरच्या मिक्सरांबरोबर चटणीचा लहान जार येणे रूढ झाले. त्या जारात पाती पूर्ण झाकली जातील इतक्या बिया घातल्या, तर पूड वाईट होत नाही. आपली अडचण दोन कपांपुरत्या पंधरा-वीस ग्रॅम बियांची आहे. इतक्या थोड्या बिया पात्यापासून दूर भिंतीवर आपटत राहतात आणि खाली आल्याच तर काहींचे पीठ, काहींचे तुकडे होतात. तीन-चार दिवसांच्या बिया एकदम, आणि पहाटेऐवजी दुपारी दळल्या, तर आवाजाचाही प्रश्न सुटतो. चार दिवसांत सुगंध थोडा कमी होईल, पण दूध घातलेल्या कॉफीत तो तोटा सोसण्याजोगा असतो. हा प्रयोग आठवडाभर करून समाधान झाले, तर पैसे वाचले.

तरीही ग्राइंडर घ्यायचाच ठरला, तर दुकानात जाताना मूठभर धने बरोबर न्यावेत. लोहार चाळीत यंत्र लावून दाखवायला कोणी नाही म्हणत नाही, मात्र दुकानदार स्वतःजवळची साखर घालून दाखवतो, आणि साखर कशातही बारीक होते. धन्यांचे टरफल हलके असल्यामुळे ते पात्याला चुकवून वर उडत राहते. अर्ध्या मिनिटात ते बारीक झाले, तर भांड्याचा आकार आणि पात्याची उंची जमली आहे असे समजावे. झाकण पारदर्शक असावे, आणि ते नीट बसल्याशिवाय यंत्र सुरू होऊ नये. भांडे स्टीलचे हवे. प्लास्टिकच्या भांड्यावर हळदीचा डाग बसतो आणि लवंगेचे तेल त्यात मुरते. वॉटचा आकडा मोठा असला म्हणजे यंत्र चांगले, असे नाही. माहितीपुस्तिकेत सलग किती वेळ चालवायचे ते दिलेले असते, बहुधा अर्धा ते एक मिनिट. तो आकडा दुकानातच वाचून घ्यावा, कारण अशी यंत्रे जळतात ती मुख्यतः हाच आकडा न पाळल्यामुळे. दुरुस्तीचे केंद्र आपल्या बाजूला, म्हणजे अंधेरी-पार्ल्याच्या आसपास आहे का, आणि सुटे पाते व वायसर मिळतो का, हेही विचारावे. किमतीबद्दल म्हणाल, तर पात्याची साधी यंत्रे साधारण हजार-दोन हजार रुपयांत मिळतात. हाताने फिरवायचे, सिरॅमिकच्या दात्यांचे बर ग्राइंडर त्याच किमतीच्या आसपास सुरू होतात, आणि पोलादी दात्यांचे चांगले ग्राइंडर त्याच्या काही पट महाग असतात.

आता वापराविषयी थोडे. कॉफी दळताना भांडे निम्मे भरावे, बटण तीन-चार सेकंद दाबून सोडावे, यंत्र उचलून हलवावे, आणि असे पाच-सहा वेळा करावे. सलग वीस सेकंद दाबून धरले की तळाची पूड तापते आणि वरचे तुकडे तसेच राहतात. पूड मैद्याच्या चाळणीतून हलक्या हाताने चाळली, तर अगदी पीठ झालेला भाग खाली पडतो; तो थोडा बाजूला काढून उरलेली पूड फिल्टरला वापरली की छिद्रे बुजण्याची तक्रार बहुतेक थांबते. चाळणीवर राहिलेले मोठे तुकडे पुन्हा एकदा फिरवता येतात. पूड फिल्टरमध्ये घातल्यावर वरची चकती अलगद ठेवावी. घरच्या असमान पुडीवर ती जोराने दाबली की डिकॉक्शन अडलेच म्हणून समजावे.

जिरे, धने, तीळ, कारळे, जवस भाजून घेतले असतील, तर पूर्ण गार झाल्याशिवाय भांड्यात घालू नयेत. गरम दाण्यांची वाफ झाकणाला धरते आणि पूड ओलसर होऊन कडेला चिकटते. शेंगदाणे आणि सुके खोबरे थांबून थांबून, दोन-दोन सेकंदच फिरवावे, नाहीतर कुटाऐवजी लगदा हाती येतो. वेलची सोलून चमचाभर साखरेबरोबर दळली की ती छान बारीक होते. सुंठ, हळकुंड, जायफळ आणि खडा हिंग लहान यंत्रात सबंध मुळीच घालू नयेत. सुंठ आधी खलबत्त्यात ठेचून, मगच फिरवावी. जायफळाला किसणीच बरी. दालचिनीच्या काड्या हाताने मोडून घालाव्यात. वर्षाचा मसाला या यंत्रात करण्याचा विचार कोणी करू नये. त्यासाठी उन्हाळ्यात लालबागच्या मसाल्याच्या गिरण्या आहेत.

कॉफीच्या बियांना स्वतःचे तेल असते, ते भांड्याला चिकटून काही दिवसांनी खवट होते, आणि नव्या बियांना जुना वास लागतो. म्हणून कॉफीचे भांडेही आठवड्यातून एकदा धुवावे. मसाल्याच्या भांड्याचा वास काढण्यासाठी त्यात दोन चमचे कच्चे तांदूळ फिरवून ती पिठी टाकून द्यावी; वासाचे तेल पिठीत उतरते. झाकणाची रबरी कड मात्र काढून वेगळी धुवावी लागते, कारण लवंग-वेलचीचा वास सर्वांत जास्त तिथेच राहतो. पुढे कधी आपण हाताचा बर ग्राइंडर घेतलात, तर हा तांदळाचा उपाय त्याला करू नये. कच्चा तांदूळ भाजलेल्या कॉफीच्या बीपेक्षा कठीण असतो आणि दात्यांमध्ये अडकून बसू शकतो. त्याला कोरडा ब्रश पुरतो.

प्रश्न : अमेरिकेतून आलेल्या नातेवाइकांनी विजेवर चालणारा उत्तम बर ग्राइंडर भेट दिला आहे. खाली ‘१२० व्होल्ट’ असे लिहिलेले आहे. पिन बदलण्याचा ॲडॉप्टर लावून तो आपल्याकडे चालेल का?
(एक वाचक, दादर)

उत्तर : चालणार नाही, आणि कृपया करून पाहू नये. ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आहे ती तशीच यंत्रात जाते, आणि १२० व्होल्टसाठी गुंडाळलेली मोटार क्षणात जळू शकते. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावता येतो, परंतु सुरू होताना मोटार लिहिलेल्या वॉटपेक्षा बरीच अधिक वीज खेचते, म्हणून ट्रान्सफॉर्मर यंत्राच्या वॉटच्या किमान दीडपट क्षमतेचा घ्यावा लागतो, आणि तो जड, महाग व ओट्यावर जागा अडवणारा असतो. ग्राइंडर खरोखरच उंची असेल, तर हा खटाटोप करण्याजोगा आहे. साध्यासाठी करू नये. यंत्रावर ‘१००–२४० व्होल्ट’ असे लिहिलेले असते, तर केवळ पिन बदलून भागले असते. पुढच्या खेपेस नातेवाइकांनी विचारलेच, तर हाताने फिरवायचा ग्राइंडर आणायला सांगावे. त्याला कोणत्याही देशाची वीज लागत नाही.

प्रश्न : जून लागला की घरी दळलेली कॉफीची पूड आणि जिरेपूड यांच्या गुठळ्या होतात. बाटल्या फ्रीजमध्ये ठेवूनही उपयोग होत नाही.
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : फ्रीजमुळे उपयोग होत नाही, उलट अपाय होतो. गार बाटली बाहेर काढून लगेच उघडली की पावसाळ्यातल्या दमट हवेचे पाणी थेट पुडीवर बसते, आणि दिवसातून दोनदा हे होत राहिले की गुठळ्या होणारच. रोजच्या वापराची बाटली फ्रीजबाहेर, शेगडीपासून आणि खिडकीपासून दूर ठेवावी. ती लहान आणि घट्ट झाकणाची असावी, आणि उकळत्या दुधाच्या पातेल्यावर धरून तिच्यातून चमचा काढण्याची सवय सोडावी, कारण बहुतेक ओलावा तिथूनच आत शिरतो.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत पुडीऐवजी सबंध बिया आणि सबंध जिरे साठवावे, आणि चार-पाच दिवसांपुरतेच दळावे. जास्त बिया आणल्या असतील, तर त्या आठवड्याच्या हिशेबाने लहान हवाबंद पाकिटांत भरून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. मात्र पाकीट बाहेर काढल्यावर ते खोलीइतके उबदार होईपर्यंत उघडू नये आणि उघडलेले पाकीट परत फ्रीझरमध्ये टाकू नये. चिकोरीची पूड कॉफीत आधीच मिसळून ठेवत असाल, तर ते पावसाळ्यात बंद करावे. चिकोरी कॉफीपेक्षा लवकर ओलावा धरते आणि सगळ्या बाटलीची गुठळी करते. ती वेगळ्या बाटलीत ठेवून फिल्टर लावतानाच घालावी. जिरे दळण्यापूर्वी मंद तव्यावर शेकून, ताटात पसरून पूर्ण गार करून घ्यावे. ग्राइंडरचे भांडे धुतल्यावर पात्याच्या बुडाशी पाणी राहते, ते फडक्याने निघत नाही. भांडे पालथे घालून रात्रभर ठेवल्यावरच दुसऱ्या दिवशी त्यात काही दळावे.

प्रश्न : मिक्सरच्या लहान जारची पाती बोथट झाली आहेत. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडून त्यांना धार लावून घ्यावी का?
(एक वाचक, गिरगाव)

उत्तर : एकदा लावून घ्यायला हरकत नाही, पण धार लावताना दोन्ही बाजूंचे लोखंड सारखे घासले गेले नाही, तर पाते एका अंगाला जड होते, जार थरथरू लागतो आणि खालचा बुश लवकर झिजतो. नवे पाते फारसे महाग नसते, तेच बसवून घ्यावे, आणि त्यासाठी दुकानात नुसते जुने पाते न नेता सबंध जार न्यावा, कारण कपलर आणि वायसर प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. पाते बदलूनही जिरे जाडसरच राहिले, तर जारात घेतलेले प्रमाण फार थोडे आहे, असे समजावे. दळताना मिक्सर मधेच बंद पडला, तर घाबरून दुरुस्तीला पाठवण्याआधी तो दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावा आणि तळाशी असलेले लाल बटण दाबून पाहावे; मोटारीवर ताण आला की ते आपोआप बाहेर येते.